सिंहासनावरील होमर

कवीचे चित्र काढू पाहणाऱ्या चित्रकारापुढे एक मूलभूत अडचण असते. योद्ध्याचे शौर्य त्याच्या पवित्र्यातून दाखविता येते, नर्तकीचे लावण्य तिच्या अंगविक्षेपातून. कवीचे कवित्व मात्र शब्दांत असते, आणि शब्द रंगाच्या कक्षेबाहेरचे. म्हणून चित्रकाराला कवीऐवजी कवीविषयीचे काहीतरी रंगवावे लागते: त्याचे दारिद्र्य, त्याची तंद्री, त्याचा मृत्यू किंवा त्याचा सन्मान. होमरच्या बाबतीत ही अडचण दुप्पट आहे. त्याचे काव्य रंगविता येत नाही, आणि त्याचा चेहरा तर कोणीच पाहिलेला नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकार या विषयाकडे पुनःपुन्हा वळलेले दिसतात. त्या साऱ्या चित्रांत अधिकारवाणीने बोलणारे चित्र म्हणजे झाँ-ओग्यूस्त-दोमिनिक अँग्र याने १८२७ मध्ये पूर्ण केलेले 'होमरचे देवत्वारोहण'. या चित्राने होमरला काय दिले आणि त्याच्यापासून काय काढून घेतले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार केवळ चित्रकलेचा नाही. ज्यांना साहित्यिकांचा गौरव करावा लागतो, त्यांच्या कृतींची भाषांतरे करावी लागतात किंवा त्यांच्या परंपरा ठरवाव्या लागतात, त्या सर्वांचाच तो आहे.

चित्राची हकीकत थोडक्यात अशी. फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याच्या नावाने लूव्ह्रमध्ये प्राचीन वस्तूंचे एक नवे संग्रहालय उभारले जात होते. त्याच्या एका दालनाचे छत रंगविण्याचे काम अँग्रकडे आले. तो त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचा होता. दोनच वर्षांपूर्वी कला अकादमीने त्याला सदस्य करून घेतले होते. चित्र ३.८६ मीटर उंच आणि पाच मीटरहून अधिक रुंद आहे. छतासाठी काढलेले असूनही त्यात छताची जाणीव कोठेही नाही. खालून पाहणाऱ्याच्या नजरेसाठी आकृती वर उडालेल्या, ढगांत हरवलेल्या दाखविण्याची जुनी इटालियन युक्ती अँग्रने साफ नाकारली आणि भिंतीवर टांगावे तसे चित्र छताला लावले. १८५५ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनासाठी ते खाली उतरविण्यात आले व छतावर त्याच्या शिष्यांनी केलेली प्रतिकृती बसली. मूळ चित्र आज लूव्ह्रमध्ये भिंतीवरच आहे, आणि तेच त्याचे खरे स्थान म्हणावे लागेल.

एका आयोनिक मंदिरासमोर, पायऱ्यांच्या शिरोभागी, होमर बसला आहे. त्याची बैठक ज्युपिटरची आहे. १८११ मध्ये अँग्रने इलियडमधील प्रसंगावरून 'ज्युपिटर आणि थेटिस' हे चित्र काढले होते. तेथील देवराजाची समोरासमोरची, पर्वतासारखी अचल बैठक येथे अंध कवीला मिळाली आहे. पंख असलेली विजयदेवता त्याच्या मस्तकावर मुकुट ठेवीत आहे. पायांशी दोन स्त्रिया बसल्या आहेत: तांबड्या वस्त्रातील इलियड, जवळ तलवार, हिरव्या वस्त्रातील ओडिसी, जवळ वल्हे. दोन्ही बाजूंना चाळीसहून अधिक थोर पुरुषांची दाटी आहे. पिंडार आपली वीणा पुढे करतो, फिडियस आपली हातोडी. एस्किलसच्या हाती त्याच्या नाटकांची गुंडाळी आहे. सिकंदराने इलियडची पोथी ज्या पेटीत ठेवली असे सांगतात ती पेटी तो घेऊन आला आहे. अपेलीझ राफाएलला हाताला धरून आणतो, व्हर्जिल दांतेला. अगदी खाली पूसँ, कॉर्नेय, रासीन, ब्वालो आणि मोलिएर हे फ्रान्सचे मानकरी; मोलिएर आपला मुखवटा पुढे करून उभा आहे. डाव्या कोपऱ्यात, चौकटीने अर्धवट कापलेला, शेक्सपिअर.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. प्राचीन मंडळी पूर्णाकृती आहेत, अर्वाचीन मंडळी मात्र कमरेपाशी किंवा छातीपाशी चौकटीने छेदली गेली आहेत. त्यांचे पाय आपल्याला दिसत नाहीत. ते पायरीवर उभे आहेत की आपल्याच भूमीवर, हे सांगता येत नाही. कालाची उतरंड अँग्रने अशी दगडी पायऱ्यांत बसविली आहे. जो जितका अलीकडचा तितका तो खाली आणि तितका अपुरा. पूसँ आपल्याकडे पाहतो आणि बोटाने वर दाखवितो. म्हणजे आपण, प्रेक्षक, त्याच्याही खालचे. या रचनेचे कौशल्य वादातीत आहे. परंतु कौशल्य मान्य केल्यावरही, या सभेत बसलेल्या थोरांना एकमेकांशी बोलावयाचे काहीच नाही, ही रुखरुख उरतेच. शाळेच्या वार्षिक छायाचित्रातील मुलांप्रमाणे सारे आपापल्या जागी उभे आहेत.

या कल्पनेचे मूळ अँग्रचे नव्हे. प्रिएनेच्या आर्केलाऊस नावाच्या शिल्पकाराने हेलेनिस्टिक काळात घडविलेला एक संगमरवरी शिल्पपट इटलीत सापडला होता व १८१९ पासून तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातही होमर सिंहासनावर आहे, त्याच्या बाजूंना इलियड व ओडिसी आहेत, आणि त्याला मुकुट घालणारे आहेत काल आणि अखिल वसलेली पृथ्वी. अँग्रने हीच मांडणी उचलली. पण त्याने त्यात जो बदल केला तो मूलगामी आहे. आर्केलाऊसच्या शिल्पात होमरपुढे यज्ञवेदी आहे आणि तिच्याकडे येणाऱ्या आकृती कोणा व्यक्तींच्या नाहीत. त्या आहेत कथा, इतिहास, काव्य, शोकांतिका, सुखान्तिका. होमरपासून वाङ्मयप्रकार निघाले, त्याच्या गाण्यातून गाण्याच्या नव्या रीती जन्मल्या, असे तो शिल्पकार सांगतो. अँग्रने या रीती काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी माणसे बसविली, तीही नाव-गाव-चेहऱ्यासह. परंपरेचे वंशवृक्षात रूपांतर झाले. रीती कोणालाही उचलता येते. वंशात मात्र जन्म घ्यावा लागतो, निदान कोणीतरी हाताला धरून आत न्यावे लागते, जसे राफाएलला अपेलीझ नेतो.

आर्केलाऊसच्या होमरच्या पायांशी उंदीर कोरलेले आहेत, हेही सांगितले पाहिजे. होमरच्या नावावर बेडूक आणि उंदीर यांच्या युद्धाचे एक विडंबनकाव्य चालत आले आहे, त्याची ही खूण असावी. देवत्वाच्या सोहळ्यातही प्राचीनांना थोडा थट्टेचा अवसर ठेवावासा वाटला. ईलियन या लेखकाने नोंदविलेली एक आख्यायिका तर याहून धीट आहे. तो सांगतो की, टॉलेमी फिलोपेटर याने होमरचे मंदिर बांधले, त्यात कवीची मूर्ती स्थापिली आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या नगरांच्या आकृती तिच्या सभोवती उभ्या केल्या. आणि लगेच पुढे तो सांगतो की, गॅलाटॉन नावाच्या चित्रकाराने होमर ओकत असल्याचे चित्र काढले, व इतर कवी ती ओकारी गोळा करीत असल्याचे! भारतीय वाचकाला हे चित्र तितकेसे परके वाटणार नाही. सारे जग हे व्यासांचे उच्छिष्ट होय, ही उक्ती आपण आदराने उच्चारतो. तिच्यातील 'उष्टे' हा शब्द आपल्याला आता टोचत नाही इतकेच. गॅलाटॉनने तो टोचेल असा रंगविला. ओकारी गोळा करणारे कवी आणि वीणा, हातोडी, मुखवटा घेऊन आलेले अँग्रचे मानकरी यांच्यातील संबंध एकच आहे. फरक आहे तो चित्रकाराला हसू येते की नाही, एवढाच. अँग्रला ते येत नव्हते.

त्याला हसू का येत नव्हते, याचे उत्तर काळात शोधावे लागते. १७९५ मध्ये जर्मन पंडित फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फ याने आपल्या 'प्रोलेगोमेना'मध्ये असे प्रतिपादन केले होते की, होमरची काव्ये लेखनकलेवाचून रचली गेली, गायकांच्या तोंडून ती वाढत-बदलत आली आणि आजचे त्यांचे एकसंध रूप पुष्कळ नंतरचे आहे. युरोपच्या आद्यकवीचे आसनच त्यामुळे डळमळले. ज्या पिढीने हे ऐकले होते, त्याच पिढीत अँग्रने होमरला इतक्या जड दगडावर बसविले. चित्रकार पंडितांच्या वादाला उत्तर देण्यासाठी कुंचला उचलतो असे मला सुचवावयाचे नाही. परंतु चित्रातील प्रत्येक रेषा एकत्वाचा आग्रह धरते, हे उघड आहे: एक कवी, एक मुख, एक मध्यरेषा. घरातही शत्रू होताच. १८२७-२८ च्या सलोंमध्ये दलाक्रवाचे 'सार्दानापालचा मृत्यू' लागले. तेथे राजा आपल्या शय्येवरून आपल्या सर्वस्वाचा विध्वंस पाहतो आहे, आणि मध्यरेषा अशी कोठे उरलेलीच नाही. या दोन चित्रांना अभिजाततावाद आणि स्वच्छंदतावाद यांचे ध्वज मानण्याची प्रथा आहे व ती रास्तही आहे. एक सिंहासन सावरीत होता, दुसरा शय्या जाळीत होता.

आता सभेत कोण नाही हे पाहू. त्याच १८२७ साली, जानेवारीच्या अखेरीस, वायमार येथे वृद्ध ग्योटे आपल्या तरुण सहकाऱ्याशी, एकरमानशी, बोलत होता. नुकत्याच वाचलेल्या एका चिनी कादंबरीवरून विषय निघाला, आणि राष्ट्रीय वाङ्मयाचे दिवस आता सरले, विश्ववाङ्मयाचे युग येत आहे, अशा आशयाचे त्याचे प्रसिद्ध विधान त्या संभाषणात आले. ग्योटेही ग्रीकांनाच आदर्श मानीत असे, हे खरे. पण अँग्रच्या पायऱ्या आणि ग्योटेचे ते संभाषण ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ग्योटे तेव्हा हयात असल्यामुळे मृतांच्या या सभेत त्याला जागा असणे शक्य नव्हते. त्याच्या कल्पनेलाही नव्हती.

दूर वायमारला जाण्याचेही कारण नाही. पॅरिसमध्येच, कोलेज द फ्रान्सच्या संस्कृत अध्यासनावर १८१४-१५ पासून शेझी होता व १८२२ मध्ये आशियाविषयक अध्ययनाची संस्थाही तेथे स्थापन झाली होती. त्याच वर्षी शांपोलियाँने इजिप्तची चित्रलिपी उलगडली, आणि १८२६ मध्ये लूव्ह्रमधील इजिप्तच्या संग्रहाचा तो प्रमुख झाला. दहाव्या शार्लच्या त्याच नव्या संग्रहालयात इजिप्तच्या वस्तू मांडल्या गेल्या. खाली होमरहून हजार-दीड हजार वर्षांनी जुने लेख वाचले जाऊ लागले होते आणि वर छतावर सर्वांचा आदिपुरुष म्हणून होमरचा अभिषेक चालू होता. अँग्रने वाल्मीकीला किंवा कालिदासाला बोलावले नाही म्हणून रुसण्यात अर्थ नाही. तशी निमंत्रणे पुढे सढळ हाताने वाटली गेली आणि त्यांतून फारसे काही निष्पन्न झाले नाही. दोष निमंत्रितांच्या यादीत नसून सिंहासन एकच असण्यात आहे. शेक्सपिअरचे तेथे काय झाले ते आपण पाहिलेच. होमरपासून ज्याचा वंश सिद्ध करता येत नाही, तो चौकटीशी अर्धा कापला जातो. साहित्य अकादमीने मान्य केलेल्या २४ भाषांच्या वाङ्मयाला अशी एक मध्यरेषा आखू म्हटले, तर किती भाषा कोपऱ्यात अर्ध्या राहतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

होमरचे दुसरे रूपही फ्रेंच चित्रकारांना ठाऊक होते. आंद्रे शेनिएच्या 'अंध' या काव्यात भटकणाऱ्या होमरला धनगरांची पोरे भेटतात. त्यावरून कोरोने १८४५ मध्ये आणि बुगरोने १८७४ मध्ये चित्रे केली. बुगरोचे 'होमर आणि त्याचा वाटाड्या' अमेरिकेत मिलवॉकीच्या कलासंग्रहालयात आहे: पांढऱ्या दाढीचा, काठी घेतलेला अंध वृद्ध, त्याला नेणारा किशोर, अंगावर येऊ पाहणारी कुत्री. विषय सिंहासनाच्या अगदी उलट, पण मला त्यात फारसे समाधान लाभत नाही. दारिद्र्य येथे फारच स्वच्छ धुतलेले आहे. भिकाऱ्याच्या वस्त्राची चुणी न् चुणी जागच्या जागी आहे. अकादमीने होमरला खाली रस्त्यावर आणले, परंतु रस्ता मात्र झाडून घेतला. ज्या वर्षी पॅरिसमध्ये दृक्प्रत्ययवाद्यांनी आपले पहिले प्रदर्शन भरविले त्याच वर्षीचे हे चित्र आहे, यावर विश्वास बसत नाही.

त्यापेक्षा हिरोडोटसच्या नावावर चालत आलेल्या होमरचरित्रातील एक प्रसंग अधिक बोलका आहे. अंध होमर कीमे नगरीत आला आणि नगराने आपला चरितार्थ चालवावा, मोबदल्यात आपण नगराचे नाव अजरामर करू, असे त्याने सभेपुढे मांडले. बहुतेकांना ते पटले. पण एक अधिकारी म्हणाला की, आंधळ्यांना असे पोसू लागलो तर निरुपयोगी माणसांची झुंड गळ्यात पडेल. अर्ज फेटाळला गेला. त्या भागातील बोलीत आंधळ्याला 'होमेरोस' म्हणत, म्हणून कवीला ते नाव पडले, असे चरित्रकार सांगतो. कथा खरी असण्याचे कारण नाही. पण एका सार्वजनिक संस्थेच्या कार्यवृत्तातून आद्यकवीचे नाव जन्मले, ही कल्पना ज्याला सुचली त्याला संस्थांचा अनुभव असला पाहिजे. अँग्रच्या चित्रात कीमेच्या त्या अधिकाऱ्याला जागा मिळावयास हवी होती.

भाषांतरकाराला या सिंहासनाची बाधा कशी होते, ते आता सांगतो. १८५६ मध्ये एफ. डब्ल्यू. न्यूमनने इलियडचे इंग्लिश भाषांतर प्रसिद्ध केले. लोकगीताच्या वळणाचा छंद आणि जुनाट, ओबडधोबड शब्द त्याने बुद्ध्या योजले. मॅथ्यू अर्नल्डने ऑक्सफर्डच्या काव्याध्यापकाच्या पीठावरून व्याख्याने देऊन त्याची हजेरी घेतली. ती १८६१ मध्ये ग्रंथरूपाने आली. होमर गतिमान आहे, भाषेत सरळ आहे, विचारात सरळ आहे आणि उदात्त आहे, हे अर्नल्डचे चार निकष सर्वश्रुतच आहेत. पहिल्या तिहींविषयी कोणाचीच तक्रार नसावी. न्यूमनचा बळी घेतला तो चौथ्याने. आणि भाषांतर साधले की नाही हे कोणी ठरवावे? अर्नल्ड म्हणतो, ग्रीक जाणणाऱ्या रसिक पंडितांनी. न्यूमनने त्याच वर्षी उत्तर दिले. सॉफोक्लीझच्या काळातील अथेन्सकरालाही होमरची भाषा जुनी व चमत्कारिकच वाटत असणार, हा त्याचा मुद्दा होता; आणि न्याय मागावयाचा तो पंडितांकडे नव्हे, सुशिक्षित पण अपंडित वाचकांकडे. न्यूमनचे भाषांतर वाचवत नाही, याबाबत माझे मत अर्नल्डसारखेच आहे. वादात मात्र न्यूमनची बाजू अधिक खोल होती. अर्नल्डच्या कानापुढे अँग्रचा होमर होता.

हा होमर मराठीत येऊ लागला की तो विशेषणांशी अडखळतो. अकिलीझ स्वस्थ बसलेला असतानाही 'शीघ्रपाद' असतो, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली गलबतेही 'वेगवान' असतात, आणि आकाश भर दिवसा 'ताराकित'. सिंहासनावरील कवीला अशी चूक शोभत नाही, असे भाषांतरकाराला वाटते. मग तो विशेषण गाळतो किंवा प्रत्येक वेळी नवे बसवितो. मराठीत हा मोह अधिकच, कारण संस्कृत पर्यायांचे कोठार शेजारीच उघडे असते. द्रुतगती, चपलचरण, वातजव, हवे तितके घ्यावे. परिणामी ओळ समृद्ध होते आणि होमर नाहीसा होतो. वस्तुतः मराठी कानाला ही पुनरुक्ती परकी नाही. विटेचा आणि कटीवरील हातांचा उल्लेख शेकडो अभंगांत येतो, आणि टाळ धरणाऱ्या कोणालाही तो दोष वाटत नाही. त्या शब्दांची वाट पाहिली जाते. ते आले की ऐकणारा गाणाऱ्याबरोबर होतो.

१९२८ मध्ये, अँग्रच्या चित्रानंतर एक शतक आणि एक वर्ष लोटल्यावर, त्याच पॅरिसमध्ये मिल्मन पॅरी या तरुण अमेरिकनाने होमरच्या परंपरागत विशेषणांवर आपला प्रबंध फ्रेंचमध्ये सादर केला. ही विशेषणे एका कवीच्या प्रतिभेची नसून पिढ्यान् पिढ्यांच्या गायकांनी वृत्ताच्या गरजेने घडविलेली आहेत, हे त्याने मोजमाप करून दाखविले. पुढे १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियात हिंडला, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या अव्दो मेजेदोविचकडून बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य त्याने उतरवून घेतले. १९३५ मध्ये पॅरी अकाली वारला. त्याचा सहकारी आल्बर्ट लॉर्ड याचा 'कथांचा गायक' हा ग्रंथ १९६० मध्ये आला. योगायोग असा की, १९३३ मध्येच पुण्याला भांडारकर संस्थेच्या महाभारताचे आदिपर्व डॉ. वि. स. सुखटणकर यांच्या संपादनाखाली पूर्ण झाले, आणि त्याच्या प्रस्तावनेलाही त्यांनी वोल्फचेच 'प्रोलेगोमेना' हे नाव दिले. आपण व्यासांच्या हातचे मूळ देत नाही, उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोचता येईल तितके प्राचीन रूप देत आहोत, ही सुखटणकरांची भूमिका होती. ग्रंथाविषयी त्यांच्याहून अधिक आदर कोणाला असणार? तरीही त्यांनी त्याला सिंहासनावर बसविले नाही. पाठभेदांसह वाचकापुढे ठेवले.

एवढे सगळे म्हटल्यावर अँग्रवर अन्याय होऊ नये म्हणून पुन्हा त्याच्या चित्राकडे, आणि त्यातील दोन स्त्रियांकडे, वळले पाहिजे. या भव्य सभेत खरोखर जिवंत अशा त्याच दोघी आहेत. त्यांना पुढे करावयाला हाती भेट नाही, आणि होमरकडे त्या पाहतही नाहीत. इलियड समोर पाहते. गुडघ्याभोवतीच्या हातांत अजून राग आहे, तलवार हाताशी आहे. ओडिसी हिरव्या वस्त्रात स्वतःला लपेटून, वल्हे टेकून, एका बाजूला वळली आहे. तिच्या मुद्रेवर जो विचार आहे तो चित्रातील दुसऱ्या कोणाच्याही मुद्रेवर नाही. अकादमीचा हा नियमनिष्ठ चित्रकार मानकऱ्यांना रंगविताना केवळ त्यांच्या मूर्तींवरून आणि छापील चित्रांवरून हात फिरवीत होता. या दोघी मात्र त्याला वाचून काढाव्या लागल्या. वाचणारा अँग्र छत रंगविणाऱ्या अँग्रपेक्षा मोठा होता. ओडिसीची पाठ सिंहासनाकडे आहे, वल्हे सुकलेले नाही.